सफारीचे रसग्रहण

शाकुंतलाचा आरंभ रथावर होतो. हरिण पुढे धावत आहे, राजा धनुष्य ताणून मागे लागला आहे, आणि जमीन उंचसखल होती म्हणून लगाम आवरले होते, आता सपाटी लागली, असे सूत त्याला सांगत आहे. इतक्यात आश्रमातील तपस्वी मध्ये येतात, हे आश्रमाचे हरिण आहे, मारू नये, असे विनवितात, आणि राजा बाण आवरतो. पुढे जे नाट्य घडावयाचे ते सारे या आवरलेल्या बाणातून घडते. गेल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या अरण्यात, पहाटेच्या अंधारात, उघड्या मोटारीच्या दुसऱ्या बाकावर कांबळे पांघरून बसलो असता आम्हांस हा प्रवेश एकाएकी आठवला. रथ होता, रथ हाकणारा होता, हरिणेही पुष्कळ होती. बंदूकही एक होती. पण ती चालकासमोरच्या फळीवर आडवी ठेवलेली, आणि ती कधीही चालवावी न लागणे यातच तिच्या धन्याचे कौशल्य.

या वनदर्शनास तिकडे सफारी म्हणतात. हौशी प्रवाशांच्या या करमणुकीवर टीकालेख कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ज्या गोष्टीला आरंभ, मध्य व शेवट आहे, जी कोणी एकाने योजिलेली व इतरांनी अनुभवावयाची आहे, आणि जिच्यातून विशिष्ट भाव जागे व्हावेत अशी अपेक्षा आहे, ती गोष्ट टीकेच्या कक्षेबाहेर राहू शकत नाही. आपण कीर्तनाचे गुणदोष पाहतो, तमाशाचे पाहतो, चित्रपटाचे तर पाहतोच पाहतो. तीन साडेतीन तासांच्या या वनविहारात योजना किती असते, हे जो एकदा गेला त्यास सांगावयास नको. तेव्हा तो चांगला कोणता व वाईट कोणता, हे ठरविण्याचे काही गमक असले पाहिजे. ते गमक शोधण्याचा हा यत्न आहे.

प्रथम शब्दाचा थोडा विचार करू. अरबीतला ‘सफर’ हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि अरब व्यापाऱ्यांबरोबर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरून तो स्वाहिलीत ‘सफारी’ झाला. मूळ अर्थ प्रवास इतकाच. त्याला रक्ताचा वास आला तो गोऱ्या शिकाऱ्यांमुळे. अमेरिकेचे अध्यक्षपद सोडल्यावर थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली पूर्व आफ्रिकेत गेला, तेव्हा त्याने व त्याच्या मुलाने मिळून ५१२ जनावरे मारली. त्यांत १७ सिंह व ११ हत्ती होते. संग्रहालयासाठी नमुने जमविणे हा मोहिमेचा एक हेतू होता, हे खरे. पण १९१० साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात शिकारीच्या याद्या आहेत, आणि त्या वाचताना संग्राहकापेक्षा जमाखर्च लिहिणाराच अधिक दिसतो. त्याच शिकारी परंपरेतून ‘मोठी पाच’ ही संज्ञा आली. सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा ही ती पाच. ती आकाराने सर्वांत मोठी म्हणून निवडलेली नाहीत. तसे असते तर जिराफ व पाणघोडा यांना वगळता आले नसते. पायी शिकार करताना जी सर्वांत जिवावर बेततात, ती ही पाच. पुढे बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, पण यादी तीच राहिली. दक्षिण आफ्रिकेच्या चलनी नोटांवरही हीच पाच जनावरे छापलेली आहेत. या यादीकडे आम्हांस पुन्हा यावे लागेल.

आम्ही गेलो होतो ते क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेस लागून असलेल्या एका खासगी अभयारण्यात. मूळ साबी अभयारण्य १८९८ साली घोषित झाले, १९२६ साली त्याचे राष्ट्रीय उद्यान बनले, आणि १९२७ साली पहिल्या तीन मोटारी प्रवाशांना घेऊन आत शिरल्या. आज उद्यानाचा विस्तार सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेकडील साबी सँड या खासगी अरण्याच्या आणि उद्यानाच्या मधले कुंपण १९९३ साली काढले गेले, तेव्हापासून जनावरांना ही सरहद्द ठाऊक नाही. उद्यानात आपली मोटार आपण हाकीत हिंडता येते. खासगी अरण्यात मात्र वाटाड्याशिवाय गती नाही. पहिला प्रकार म्हणजे मूळ ग्रंथ स्वतः वाचणे. दुसरा म्हणजे टीकेसह वाचणे. आम्ही या दुसऱ्याविषयी लिहीत आहो.

व्यवस्था अशी असते. गाडीला छप्पर नाही. मागे पायरीपायरीने उंच होत गेलेली तीन बाके. पुढे चालक, तोच वाटाड्या. जनावरांची माहिती सांगणे, गाडी हाकणे व पाहुण्यांचा जीव सांभाळणे ही तिन्ही कामे त्याची. गाडीच्या अगदी नाकावर, डाव्या अंगास, एक लोखंडी खुर्ची बसविलेली असते. तिच्यावर मागकाढ्या बसतो. त्याच्यापुढे काच नाही, दार नाही, काही नाही. आमचा मागकाढ्या जवळच्याच गावचा, त्सोंगा भाषा बोलणारा, पन्नाशी उलटलेला गृहस्थ होता. तो फारसे बोलत नसे. हात किंचित उचलला की गाडी थांबे. दोन बोटे हलली की वळे. पहाटे एक फेरी, तिसऱ्या प्रहरी दुसरी, ती रात्र पडेपर्यंत. वाटाड्याच्या कानाशी बिनतारी यंत्र सदैव कुजबुजत असते, आणि कोणत्या गाडीला कोठे काय दिसले याची वार्ता त्यावर चालते. पाहुण्यांना आधीच आशा लागू नये म्हणून या वार्तेत जनावरांची इंग्रजी नावे न घेता देशी नावे घेण्याची चाल आहे. या चालीमुळेच पुढे आमच्या हातून एक चूक घडली.

आता रसाकडे वळू. पहिल्याच सकाळी एक सिंह आमच्या गाडीशेजारून गेला. शेजारून म्हणजे, हात लांब केला असता तर आयाळीला लागला असता इतक्या शेजारून. तो आमच्याकडे पाहावयासही थांबला नाही. गाडी व तीत बसलेली माणसे मिळून जनावराला एकच आकृती दिसते, म्हणून उभे राहू नये, असे वाटाड्याने बजावून ठेवले होते. आमच्या छातीत धडधडत होते, घशाला कोरड पडली होती, आणि तरीही तो क्षण संपू नये असे वाटत होते. भय वाटत असता सुख कसे वाटले? आपल्या साहित्यशास्त्राने याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. भय हा स्थायीभाव. त्याचा आस्वाद झाला म्हणजे तो भयानक रस. आस्वादास अंतर लागते. न. चिं. केळकर यांनी वाङ्मयानंदास सविकल्प समाधी म्हटले, त्याचा आशय हाच की, रसिक दुसऱ्याच्या भूमिकेशी तद्रूप होतो आणि त्याच वेळी आपले आपणपण विसरत नाही. त्या गाडीत बसून आम्ही क्षणभर सिंहाच्या वाटेतले हरिण झालो होतो. पण ढुंगणाखालचे बाक आणि खांद्यावरचे कांबळे आम्हांस सोडून गेले नव्हते. उघड्या मोटारीची योजना हेच साधते. बंद काचेआडून सिंह पाहिला तर तो चित्र होतो, आणि पायी समोर आला तर नुसते भय उरते. रस या दोहोंच्या मध्ये आहे.

हे अंतर नसले म्हणजे काय होते, याची साक्ष आपल्याच देशातून गेलेल्या माणसांनी दिली आहे. क्रूगरपासून फार उत्तरेस, आजच्या केनियात, १८९६ ते १९०१ या काळात ब्रिटिशांनी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२ हजार मजूर नेले होते. त्यांपैकी सुमारे २,५०० तेथेच मेले. १८९८ साली त्सावो नदीवरील पुलाच्या कामावर दोन सिंहांनी या मजुरांना रात्री तंबूंतून ओढून नेण्याचा क्रम महिनेच्या महिने चालविला, आणि शेवटी भयाने काम बंद पडले. पुलावरचा अधिकारी पॅटरसन याने ते दोन्ही सिंह मारले व १९०७ साली त्यावर पुस्तक लिहिले. ते पुस्तक अजून आवडीने वाचले जाते, आणि पेंढा भरलेले ते सिंह शिकागोच्या फील्ड संग्रहालयात काचेआड उभे आहेत. सिंह एकच, पण तंबूतल्या मजुराला भय मिळाले आणि पुस्तकाच्या वाचकाला भयानक रस मिळाला. सफारीचा पाहुणा या वाचकाच्या जातीचा आहे. त्याने ही गोष्ट लाजून जाण्याची नाही, पण विसरण्याचीही नाही.

असो. सफारी रसनिर्मिती करते इतके सिद्ध झाले. पण रस निर्माण होणे हे कलाकृतीचे किमान लक्षण आहे; तेवढ्यावर तिची थोरवी ठरत नाही. ती कशावर ठरते हे आम्हांस दुसऱ्या संध्याकाळी व तिसऱ्या सकाळी कळले, आणि दुसऱ्या संध्याकाळचा धडा आम्ही स्वतःच्या खर्चाने घेतला.

दिवस मावळला होता. वाळूच्या वाटेवर वाटाड्याने गाडी थांबविली, दिवे मालवले, आणि खाली उतरून हातातल्या लहान दिव्याने एक शेणकिडा दाखविला. रानरेड्याच्या शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलीत, उलट्या तोंडाने, तो सरळ रेषेत चालला होता. हा किडा गोळ्यावर चढून आकाश पाहतो आणि आकाशगंगेच्या पट्ट्यावरून आपली दिशा धरतो, हे स्वीडन व दक्षिण आफ्रिका येथील संशोधकांनी २०१३ साली सिद्ध केल्याचे वाटाड्या सांगू लागला. जोहान्सबर्गच्या तारामंडळात कृत्रिम आकाशाखाली हे किडे सोडून त्यांनी तो प्रयोग केला होता. इतक्यात बिनतारी यंत्रावर ‘इंग्वे’ हा शब्द आला. इंग्वे म्हणजे बिबळ्या. शब्दांची हौस असल्यामुळे आम्ही तो पहिल्याच दिवशी उमजून घेतला होता, आणि आपली विद्वत्ता मिरविण्यासाठी सहप्रवाशांस सांगूनही टाकला होता. झाले. मागच्या बाकावरून “बिबळ्या! बिबळ्या!” असा गलबला उठला. पाचांपैकी तेवढा एकच राहिला होता. खरे सांगावयाचे तर त्या गलबल्यात आमचाही आवाज होता. वाटाड्याने दिवा विझविला, गाडी सुरू केली आणि त्या किड्याला वळसा घालून ती बाहेर काढली. घाईत आम्ही होतो, तो नव्हता.

पोहोचलो तेव्हा आधीच एक गाडी होती, आमच्या मागोमाग तिसरी आली. एका जनावरापाशी एका वेळी तीनच गाड्या, असा तेथला नियम होता. बाकीच्या दूर रांग लावून थांबल्या होत्या. म्हणजे प्रत्येकाच्या मागे कोणी तरी ताटकळत होता, आणि प्रत्येकजण मोजून वेळ घेत होता. बिबळ्या मादी होती. मारलेले हरिण झाडावर चढविण्याच्या बेतात ती बुंध्याशी आली होती. झोतदिव्याच्या उजेडात तिची पाठ सोन्यासारखी चमकली. कोणाला तोंड नीट दिसेना, म्हणून एक गाडी पुढे सरकली, तेव्हा दुसरी वळली. मादीने उजेडाकडे पाहिले, शिकार टाकली, आणि दहा पावले मागे होऊन गवतात बसली. थोड्या वेळाने अंधारातून एक तरस आले आणि ते हरिण घेऊन गेले. गाडीत कोणी तरी हर्षाने म्हणाले की, आज दोन जनावरे दिसली. परतीच्या वाटेवर आम्ही वाटाड्याला हळूच विचारले, हे आपल्यामुळे झाले काय? तरस तिच्या मागावर होतेच, असे तो म्हणाला. आपल्यामुळे झाले असे तो म्हणाला नाही, आणि झाले नाही असेही म्हणाला नाही.

त्या रात्री पाचांची यादी पुरी झाली, आणि आम्हांस काहीएक वाटले नाही. बिबळ्या पाहिला होता; पण सिंहाच्या वेळची धडधड नव्हती, विस्मय नव्हता, होता तो एक प्रकारचा ओशाळेपणा. याचे कारण शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की, ते दृश्य आमच्यापर्यंत पोहोचले होते ते केवळ नावाने. शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत: अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. अभिधा सरळ अर्थ हाती देते आणि मोकळी होते. ‘हा बिबळ्या’ असे बोट दाखवून सांगितले, आम्ही पाहिले, अर्थ संपला. तो कोठून आला, कोणासाठी शिकार करीत होता, त्या झाडाशीच का आला, यांतले काहीही आम्हांस कळले नव्हते, कारण आम्ही काहीही वाचीत आलो नव्हतो. कादंबरीचे शेवटचे पान फाडून हाती दिल्यावर वाचकाला जे होते ते आम्हांस झाले. यादी धरून हिंडणारी सफारी स्वभावतःच अभिधेत अडकते. तिचा पाहुणा जनावर पाहत नाही. आपल्याला माहीत असलेल्या नावापुढे खूण करतो. रूझवेल्टाच्या पुस्तकातला जमाखर्च येथे रक्तावाचून चालू राहिला आहे, एवढाच फरक.

तिसऱ्या सकाळची हकीकत याच्या उलट आहे. रात्री पाऊस पडून गेला होता. मागकाढ्याने हात उचलला, खाली उतरला, आणि वाटेवर उकिडवा बसला. आम्हांसही उतरण्याची परवानगी मिळाली. ओल्या वाळूत सिंहाचे पाऊल उठले होते. त्याने ते सिंहिणीचे म्हणून सांगितले. शेजारच्या वाळूवर पावसाच्या थेंबांचे बारीक खळगे होते. पावलात एकही नव्हता. म्हणजे ती पाऊस थांबल्यावर गेली. काठ अजून धारदार होते आणि मुंग्यांची वाट त्यावरून गेली नव्हती. म्हणजे फार वेळही झाला नव्हता. पुढे वीसएक पावलांवर त्याने दुसरे पाऊल दाखविले. ते पावसाने बुजत आलेले, त्याच सिंहिणीचे, पण उलट दिशेचे. आणखी पुढे तिसरे, त्याहून शिळे, पुन्हा पहिल्या दिशेचे. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ती एकटी आहे, आणि ती एकाच ठिकाणी पुनःपुन्हा परत येते.” एवढे बोलून तो आमच्याकडे पाहत राहिला, जणू पुढचे वाक्य आम्ही पुरे करावे. ते आमच्या पत्नीने पुरे केले. ती म्हणाली, “पिले.”

माग कोरड्या ओढ्याकडे वळला होता. तेथे खडक होते, दाट झुडपे होती. ओढ्याच्या तोंडाशी मागकाढ्याने आणखी एक खूण दाखविली, ती तरसाची, आणि ती सिंहिणीच्या पावलावर उठलेली होती. तो उभा राहिला, वाटाड्याशी आपल्या भाषेत दोन शब्द बोलला, आणि आम्ही माघारी फिरलो. लहान पिले पहिले काही आठवडे आई अशा अडचणीच्या जागी दडवून ठेवते. गाडीने झुडपे मोडीत आत शिरलो असतो तर तरसाला वाट आम्हीच करून दिली असती, असे वाटाड्याने मागाहून सांगितले. मागच्या बाकावर त्या दिवशी गलबला झाला नाही. त्या सकाळी आम्ही एकही जनावर पाहिले नाही, आणि तरी त्या तीन दिवसांतला सर्वांत मोठा प्रसंग तोच होता, यावर गाडीतल्या सगळ्यांचे एकमत झाले.

असे का व्हावे? ध्वनिकारांनी सांगितले आहे की, काव्याचा आत्मा सांगितलेल्या अर्थात नाही, सुचविलेल्या अर्थात आहे. वाळूतले पाऊल हे सिंहीण नव्हे. ते सिंहिणीची व्यंजना आहे. थेंबांचे खळगे, मुंग्यांची वाट, उलटसुलट दिशा, वर उठलेली दुसरी खूण, या एकेका पदाने अर्थ चढत गेला, आणि शेवटी ओढ्याच्या अंधारात न दिसलेली ती पिले आम्हांस दिसलेल्या बिबळ्यापेक्षा अधिक दिसली. दक्षिण आफ्रिकेच्या लुई लीबेनबर्ग यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादिले आहे की, माग काढण्याची विद्या हीच विज्ञानाचा उगम असावी. कारण तीत खुणेवरून तर्क, तर्कावरून भाकीत आणि भाकिताचा पडताळा, हा सर्व क्रम आहे. त्यात आम्ही इतकेच जोडू की, ती काव्यवाचनाचीही बहीण आहे. आणि वाटाड्याचे काम मल्लिनाथाचे आहे. मुळात नाही ते लिहावयाचे नाही आणि अनपेक्षित ते बोलावयाचे नाही, ही टीकाकाराची प्रतिज्ञा जो वाटाडा पाळतो, त्याच्याबरोबर शेणकिड्यासाठी थांबावे आणि सिंहासाठी न थांबता जावे.

येथवर आम्ही स्तुती केली. आता एक दोष सांगितला पाहिजे, आणि तो कोणा एका वाटाड्याचा नसून या सबंध कलाप्रकाराचा आहे. सफारीच्या भाषेत रान नेहमी ‘मूळचे’, ‘अस्पर्श’, ‘माणसाने न बिघडविलेले’ असते. त्याच तिसऱ्या सकाळी, चहासाठी थांबलो असता, आमच्या पत्नीला गवतात एक दगड दिसला. मध्ये लांबट खोलगट झिजलेला. तिने तो पाहताक्षणीच ओळखला. “हा पाटा आहे,” ती म्हणाली. मागकाढ्या जवळ आला, आणि तीन दिवसांत प्रथमच आपण होऊन बोलला. तेथे त्याच्या आजीच्या माणसांची वस्ती होती. धान्य वाटून वाटून तो दगड झिजला होता. समोरचे मरुलाचे मोठे झाड तेव्हाही होते, आणि त्याच्या फळांची दारू गाळीत असत. वाटाडा तरुण होता; त्याने हे यापूर्वी ऐकले नव्हते, असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसले.

उद्यानाच्या मुख्य ठाण्याचे नावच या गोष्टीची साक्ष देते. त्याला स्कुकुझा म्हणतात. १९०२ पासून १९४६ पर्यंत या अरण्याचा कारभार पाहणारा स्टीव्हन्सन-हॅमिल्टन याला तेथील लोकांनी दिलेले ते नाव. झाडून साफ करणारा, उलथापालथ करणारा, असा त्याचा अर्थ. कारण त्याने प्रथम अभयारण्यातून माणसे हलविली. १९३६ साली ठाण्याला ते नाव गौरवाने दिले गेले. ज्यांनी दिले त्यांच्या तोंडी ते गौरवाचे होते की नाही, याचा विचार पाहुण्यांना कोणी करावयास लावीत नाही. उत्तरेकडील पाफुरी भागातून माकुलेके लोकांना १९६९ साली काढून लावले, आणि ती भूमी उद्यानात घातली. वर्णभेदाची राजवट गेल्यावर त्यांनी दावा केला, आणि १९९८ साली सुमारे २४ हजार हेक्टर जमिनीची मालकी त्यांस परत मिळाली. त्यांनी तेथे नांगर घातला नाही. अरण्य अरण्यच ठेवले, आणि पाहुण्यांचे उत्पन्न आपल्याकडे येईल अशी तजवीज केली. पाहुण्यांतही भेद होताच. वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांखेरीज इतरांस मुक्कामासाठी बालुले नावाचा एक लहानसा तळ होता. आज आमच्यासारखा हिंदी मनुष्य तिसऱ्या पायरीच्या बाकावर बसून बिबळ्यासाठी गलबला करू शकतो, हे फार जुने स्वातंत्र्य नव्हे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, जन्मात एकदा येणाऱ्या माणसाने सिंह पाहू नये काय? अवश्य पाहावा. आमचा राग सिंहावर नाही, यादीवर आहे. मागावरून वाचीत गेल्यावर शेवटी सिंह दिसला, तर तो अर्थाचा कळस होतो. बिनताऱ्यावरून धावत जाऊन पाहिला, तर तो नुसता सिंह राहतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हीच हौस, हीच यादी, हाच पैसा या रानांना जिवंत ठेवतो, असे म्हणतात. २०१४ या एका वर्षात दक्षिण आफ्रिकेत शिंगांसाठी १,२१५ गेंडे मारले गेले. पाहुणे यावयाचे थांबले तर त्या गेंड्यांसाठी पहारा कोण देईल? हे आम्ही मान्य करतो. नाटकगृहाला पदरमोड करणारा प्रेक्षक हवाच. पण प्रेक्षकाने पैसे भरले म्हणून नाटककाराने टाळ्यांसाठी लिहावे, हे आपण आपल्या रंगभूमीला कधी क्षमा केलेले नाही. मग रानाला का करावी? औचित्य म्हणून जे काव्यात सांगितले आहे, ते येथेही आहे. कोठे थांबावे, किती जवळ जावे, काय दाखवू नये, आणि काय सांगितल्यावाचून राहू नये, यातले शेवटचे सर्वांत कठीण आहे.

तेव्हा आमचा अभिप्राय थोडक्यात असा. सफारी ही खरी रसनिर्मिती करणारी, उच्च होऊ शकणारी कला आहे. किती जनावरे दिसली यावर तिची प्रत ठरत नाही. पाहुण्याला अरण्य किती वाचता आले, यावर ती ठरते. तिचा खरा कर्ता गाडीच्या नाकावरच्या लोखंडी खुर्चीत, सर्वांच्या पुढे आणि सर्वांत उघडा, बसलेला असतो. आणि त्याला बोलते करील, त्याच्या आजीच्या पाट्यापाशीही थांबेल, ती सफारी उत्तम. दुष्यंताला बाण आवरावयास तपस्व्यांनी सांगितले. आम्हांस त्या ओढ्याच्या तोंडाशी डोळे आवरावयास शिकविले ते त्या मागकाढ्याने.

निघताना आमच्या पत्नीने तो दगड वळून पाहिला. उचलून नेऊन कोठे तरी ठेवावा, म्हणजे हरवणार नाही, असे तिला वाटत होते. मागकाढ्याने मान हलविली. तो तेथेच बरा, असे तो म्हणाला. आणि गवताची चार पाती त्यावर पूर्वीसारखी सारून तो आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.